आल्कियोनीचे चौदा दिवस

आल्कियोनीला गुरुवारी पुरलं. खड्ड्यात माती पडत होती आणि तिचा मुलगा स्त्रातिस चारचौघांत मला म्हणाला, "एवदोकियाकाकू, आईचं नाव तू अकरा वर्षांपूर्वीच पुरलंस. आज नुसतं अंग पुरतोय." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी अकरा वर्षं खाल्लाय. पण माझी शपथ तिच्या जिवंतपणापुरती होती. आता बोलते.

तिचं नाव ठेवलं तिच्या बापानं. पाद्री म्हणाला, "या नावाची कोणी संत झालेली नाही." बाप म्हणाला, "मग ही होईल." असला अडेलतट्टू माणूस. जुन्या ग्रीक कथेतल्या आल्कियोनीचा नवरा समुद्रात बुडतो, तीही मागोमाग उडी टाकते. देवांना दया येते, ते दोघांना खंड्या पक्षी करतात. आणि तिला काठावर अंडी उबवता यावीत म्हणून भर हिवाळ्यात चौदा दिवस वारा बांधून ठेवतात. जानेवारीतली ती उघडीप आमच्याकडे अजून तिच्याच नावानं ओळखतात.

आमच्याकडे संताच्या दिवशी त्याच्या नावाच्या माणसांचा सण करतात. संत नाही, म्हणून माझ्या या मैत्रिणीला नावाचा सणही नाही. तिचा नवरा इग्नातिस त्यावर म्हणायचा, "इतरांचा सण एक दिवस, माझ्या बायकोचा चौदा दिवस!" होडीलाही त्यानं तिचंच नाव दिलं होतं.

अशाच एका जानेवारीत तो जाळी घेऊन निघाला. ती म्हणाली, "आज राहू दे. पश्चिमेकडे आभाळ बरं दिसत नाही." तो हसला. "तुझ्या दिवसांत मला कोण बुडवतंय?"

आठवड्यानं होडीची एक फळी काठाला लागली. फळीवर तिचंच नाव होतं. त्यानंतर दर जानेवारीत सगळा गाव खुर्च्या टाकून उन्हात बसायचा आणि ही खिडक्या लावून घ्यायची.

मग अकरा वर्षांपूर्वी स्त्रातिसला मुलगी झाली. आमच्याकडे पहिल्या नातीवर बापाच्या आईच्या नावाचा हक्क. बाप्तिस्म्याला चर्चमध्ये ते नाव उच्चारणारी धर्ममाय मी. बाप्तिस्म्याला आठवडा राहिला असताना ही माझ्याकडे आली.

"एवदोकिया, माझं नाव घालू नकोस."

"वेड लागलंय का तुला? स्त्रातिस मला जिवंत ठेवेल?"

"विहिणीचं घाल. स्तामातिया. त्यांच्या घरात सगळे आपापल्या खाटेवर मेले."

"मग हे तूच सांग ना तुझ्या मुलाला."

"तो ऐकायचा नाही. बापासारखा हसेल." तिनं माझा हात घट्ट धरला. "शपथ घे, मी आहे तोवर कुणाला सांगणार नाहीस."

घेतली शपथ. चर्चमध्ये पाद्र्यानं नाव विचारलं आणि मी खणखणीत आवाजात स्तामातिया म्हटलं. स्त्रातिसचा चेहरा पार उतरला. रीतीप्रमाणे पोरं नाव सांगायला घरी थांबलेल्या आल्कियोनीकडे पळाली. तिनं प्रत्येकाच्या हातावर नाणं ठेवलं, म्हणाली, "उदंड आयुष्य लाभो तिला." गावानं ठरवलं, विहिणीनं मला तेलाचा डबा पोचवला असणार. सोन्यासारखं नाव मी डबाभर तेलाला विकलं म्हणे.

मागच्या आठवड्यात मी तिचे केस विंचरत होते. बाहेर लख्ख ऊन, खिडक्या बंद.

"एवदोकिया," ती म्हणाली, "त्या दिवशी मी दारातच उभी होते. पोरं पळत येताना दिसली. आशा वाटली, ऐन वेळी तुझी जीभ घसरली असेल, माझंच नाव निघालं असेल."

माझा हात थांबला. "अगं, तूच तर मागितलं होतंस."

"मागितलं होतं गं."

जीभ घसरू नये म्हणून मी आठवडाभर चुलीपाशी "स्तामातिया, स्तामातिया" घोकत बसले होते. ते काही तिला सांगितलं नाही. तिची वेणी घातली आणि घरी आले.