सिस्टरची पात

इकडे ये बाई, जवळ बस. अंगात कणकण असली का गोळी गिळतेस अन् धानाच्या बांधीत, चिखलात उतरतेस. काऊन असं करतेस? मी तसंच करून मरता मरता वाचली, म्हणून बोलून राहिली.

"आजी, हा स्क्रब टायफस आहे," दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला ते नाव धड उच्चारता येईना. माझ्या काखेतला काळा डाग दाखवून त्यांनी सांगितलं, गवतात बारीक किडा असतो, दिसतही नाही, तो चावला का हा ताप येतो. उशीर झाला आहे. प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणारे कण, कमी झालेत. भरती व्हा.

गोंदियाच्या त्या वार्डात खाटा भरलेल्या, खालीही गाद्या घातलेल्या. अन् सगळ्यांना मिळून एकच सिस्टर. दुसरी आजारी, तिसरीची बदली. हिची पोर देवरीला, तिच्या आजीजवळ. पाणी प्यायला उसंत नव्हती तिला.

एका दुपारी एका पेशंटचा भाऊ आला. खाट मिळाली नाही म्हणून ओरडला, "बैठने की तनखा लेती हो क्या?" अन् ढकललंच तिला. ती औषधाच्या ट्रॉलीवर आदळली, कोपर फुटलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर काढवलं. "तक्रार करू, मी तुझ्यासोबत येते," म्हणाल्या. सिस्टरनं कोपराला पट्टी बांधली अन् माझी सलाईनची सुई तपासायला आली.

"मी उद्यापासून येत नाही, आजी. पोरीजवळ जाते."

तिचं चुकत नव्हतं. पण ती गेली तर आमचं काय, हेही पोटात होतं.

आमच्याकडे धानाच्या रोवणीत एखादी मागं पडली का बाजूच्या दोघी तिची पात, तिच्या वाट्याची ओळ, आपल्यात ओढून घेतात. बोलत नाहीत, विचारत नाहीत. माझी सून अन् शेजारच्या खाटेवरच्या पेशंटसोबत आलेली दरेकशा गावची बाई, दोघींनी तेच केलं. पाणी भरलं, चादरी बदलल्या, म्हाताऱ्यांना उठवून बसवलं. सिस्टरला खुर्ची दिली, हातात चहा दिला.

पण पात घेतली का पुरी सारायची, ही आमची खोड. माझी सलाईन हळू टपकते असं दरेकशाच्या बाईला दिसलं. तिनं नळीचं चाक फिरवलं अन् धार सोडली, बांधीत पाणी सोडावं तशी.

सिस्टर चहा टाकून धावली. चाक बंद केलं. "कुणी हात लावला? आजीच्या फुफ्फुसात पाणी भरलं असतं. दवाखाना आहे का बांधी?"

सून खाली बघू लागली. दरेकशाची बाई हळूच म्हणाली, "पात लवकर सरंल वाटलं, बाई."

सिस्टर हसली, अन् हसता हसता रडली. "तुमच्या भरवशावर वार्ड टाकून जाऊ कशी मी?"

सकाळी ती आली. कोपराची पट्टी तशीच. सून चादरी बदलून राहिली होती, सलाईनपासून हातभर लांब.

मी बरी होऊन घरी आली. ती तिथं अजून एकटीच आहे. फोन केला का म्हणते, "आज आहे आजी, उद्याचं माहीत नाही." लोक तिला देवी म्हणतात. देवीला पाय दुखत नसतील, हिचे दुखतात. तुला कधी भरती व्हावं लागलं तर तिच्यावर ओरडू नको. होईल ते काम हातात घे, सलाईन सोडून.

नवं धान आलं आहे. त्या तांदळाच्या पिठाचे आयते, पातळ धिरडी, करते, ये म्हटलं सिस्टरला. सुट्टी मिळाली तर येते म्हणाली. तूही ये, लवकर ये. अन् अंगात कणकण असेल तर आधी दवाखाना, मग माझं घर.