सोनाजी वस्तादांची सुतळी

सोनाजी वस्तादांना टक्कल आहे, हे गोरेगावात तीस वर्षं कुणाला माहीत नव्हतं. त्यांच्या बायकोला, भिकाबाईंना, माहीत असणारच. पण त्यांनी ते कधी बाहेर काढलं नाही. भिकाबाईंनी बाहेर न काढलेली एवढी एकच गोष्ट. म्हणून ऐन बाजाराच्या दिवशी वस्ताद उघड्या डोक्यानं पेठेतून निघाले, तेव्हा तराजू हातात धरलेले वाणीसुद्धा तोलायचं विसरले.

पोलीस ॲक्शनच्या दहाएक वर्षं आधीची ही गोष्ट. वस्तादांची तालीम मारुतीच्या देवळामागं होती. आमच्याकडची जमीन काळी, म्हणून हौद्यातली तांबडी माती लांबून गाड्या जुंपून आणलेली. तिच्यात तेल, ताक आणि कुरुंद्याची हळद. "घरच्या वरणात हळद न्हाई अन् मातीला मात्र हळदीचं न्हाण," हे भिकाबाईंचं गाऱ्हाणं मी रोज ऐकायचो. मी तेव्हा विशीत होतो. तालमीत कमी आणि तालमीच्या ओट्यावर जास्त. घाम इतरांनी गाळावा आणि आपण बघावं, असा माझा तेव्हापासूनचा स्वभाव.

तालमीत एक कायदा होता. 'दुखतंय' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. जो काढील त्यानं पन्नास बैठका मारायच्या.

वस्तादांचा सगळ्यात लाडका पठ्ठा संतराम. सेनगावच्या किसनराव पाटलांच्या लेकीशी, रूपाशी, त्याची सुपारी फुटलेली. त्यानं तिला एकदाच, सेनगावच्या बाजारात पाहिलं होतं. पण तेव्हापासून दर आठवड्याला त्याचं सेनगावात काहीतरी काम निघायचं. दसऱ्यानंतर एका सकाळी ओट्यावर परगावचे चार पैलवान येऊन बसले आणि आमच्या वस्तादांना पन्नाशीत पंचविशीचा झटका आला. "ढाक कशी मारत्यात, बघा," म्हणून त्यांनी संतरामला उचलला आणि आपटला. संतरामचे दोन्ही पाय अंगाखाली दुमडले, वर वस्ताद पडले. ज्वारीचं भरलेलं पोतं पडावं तसे.

आठ दिवसांनी सूज उतरली, पण चाल गेली. हिंगोलीहून हकीम आले, हाडं चाचपली आणि म्हणाले, "हड्डी साबूत आहे. पुढं अल्लाची मर्जी." संतराम लंगडतोय हे सगळ्यांना दिसत होतं, कुठल्या पायानं, यावर मात्र गावात दोन तट पडले. संतरामला विचारावं, तर तो छाती काढून म्हणायचा, "कायबी न्हाई होत, वस्ताद." कायदा ना!

बातमी सेनगावला पोचली. अशा बातम्यांना गाडी लागत नाही. किसनरावांचा सांगावा आला: "लंगड्याला पोरगी देत न्हाई. संक्रांत झाली की येतो, माझ्या डोळ्यांनी चाल बघतो. बराबर वाटलं तर लग्न, न्हाई तर सुपारी परत." त्या दिवशी संतराम जेवला नाही. वस्तादांनी फेटा काढून भिकाबाईंच्या हातात दिला. "पोराचं पाऊल सरळ पडंपर्यंत डोस्क्याला फेटा न्हाई."

"अन् थंडी वाजली म्हंजी?" एवढंच भिकाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून वस्तादांचा नवा उद्योग सुरू झाला. सकाळी हौद्यातली माती सपाट करायची, तिच्यावरून संतरामला चालवायचं आणि उमटलेल्या पावलांमधलं अंतर सुतळीनं मापायचं. सुतळीच्या एकाच टोकापासून उजव्या पावलाच्या अंतरावर एक गाठ, डाव्याच्या अंतरावर दुसरी; दोन गाठींमध्ये जेवढी बोटं, तेवढं लंगडणं. रोजची सुतळी वेगळी. ती मारुतीसमोरच्या खुंटीला टांगायची, म्हणजे कालची आणि आजची शेजारी धरून बघता येते. वस्तादांना अक्षर येत नव्हतं, पण त्या गाठी ते पोथीसारख्या वाचायचे. सुतळी कुठून आणायचे? घरच्या बाजेच्या विणीतली. रोज एक वेढा कमी.

सुतळीनं पहिल्या दिवशीच निकाल दिला. डावं पाऊल लांब पडत होतं, उजवं पाच बोटं तोकडं. "उजवा पाय कच्चा!" वस्ताद म्हणाले आणि उजव्या पायाची मालिश सुरू झाली. मोहरीचं तेल, शेक, ओढणं, ताणणं. महिना गेला. खुंटीवर सुतळ्या वाढल्या, बाजेला झोळ आला, संतरामचा उजवा पाय तेल प्यायलेल्या लाठीसारखा चमकायला लागला आणि फरक पाच बोटांचा पाचच राहिला.

मग वस्तादांच्या डाव्या टाचेत बाभळीचा काटा मोडला.

काट्यासकट ते सकाळी हौद्यात उतरले, चार पावलं टाकली आणि सवयीनं मागं वळून पाहिलं. तिथंच थांबले. पुन्हा चालले, पुन्हा पाहिलं. मग इतक्या मोठ्यानं ओरडले, की ओट्यावरून मी पडता पडता वाचलो.

"दुखतंय गं! डावा दुखतोय, अन् उजवा तोकडा पडतोय!"

भिकाबाई शेजारीच घरच्या अंगणात हळकुंडं कांडत होत्या. मुसळ हातात तसंच धरून त्या आल्या. "पन्नास बैठका," त्या म्हणाल्या.

"अगं, ऐक तर! काटा डाव्यात हाय. डाव्यावर मला उभं ऱ्हावत न्हाई, म्हणून मी उजवा घाईनं टेकवून राहिलो. घाईचं पाऊल लांब पडंल का? आपुन महिनाभर चांगल्या पायालाच तेल पाजून राहिलो!" मग ते संतरामकडं वळले. "खरं बोल लेका. डावा गुडघा दुखतो का?"

संतराम खाली मान घालून पुटपुटला, "दुखतो."

"मंग महिनाभर बोलला काहून न्हाई?"

"पन्नास बैठका कुठल्या पायावर मारल्या असत्या, वस्ताद?"

वस्तादांनी पन्नास बैठका मारल्या. सगळ्यांसमोर, काटा काढल्यावर. आणि त्याच दिवशी कायदा फिरवला: दुखणं जो लपवील त्याला पन्नास.

त्या दिवसापासून डाव्या पायाची पाळी. आधी खांबाला धरून नुसतं डाव्यावर उभं राहायचं, दहा श्वास. मग वीस. मग दोर धरून अर्धी बैठक. 'दुखतंय' म्हटलं की थांबायचं. पण चालताना घाई जाईना. ती घालवली भिकाबाईंच्या मुसळानं. त्यांच्या कांडण्याची लय घड्याळासारखी. वस्ताद म्हणाले, "मुसळ पडंल तवा पाऊल टाक. आधी न्हाई, मागून न्हाई." धप् की डावा, धप् की उजवा. नवऱ्यावर चिडल्या की बाई जोरात कांडायच्या आणि संतरामला पळावं लागायचं. त्या वर्षी अख्ख्या गावाची हळद भिकाबाईंनी कांडून दिली. पाचाची चार बोटं झाली, चाराची तीन, दोन.

संक्रांत झाली आणि किसनराव आले. नवं धोतर, हातात चांदीच्या मुठीची काठी. गाव ओट्यावर. भिकाबाईंनी अंगण नुकतंच सारवलेलं, शेण अजून ओलं. मुसळ पडायला लागलं आणि संतराम अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. मला विचाराल तर वऱ्हाडात नवरदेव चालतो त्याहून बरा.

"बराबर वाटतंय," किसनराव म्हणाले. "पाऊल सरळ हाय न्हवं, वस्ताद?"

इथं 'व्हय' म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण वस्ताद सुतळी घेऊन खाली बसले, गाठ मारली आणि म्हणाले, "एक बोट कमी हाय."

संतरामनं डोळे मिटले. मी मनात वस्तादांना काय काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही. किसनराव उठले, पागोटं सावरलं आणि पावलं न्याहाळायला स्वतः सारवणात उतरले. "एक बोट म्हंजी लंगडाच की! पोरीला काय सांगू?" असं म्हणत ते टोकापर्यंत गेले आणि परत आले.

वस्ताद अजून खालीच बसलेले. त्यांनी दुसरी सुतळी काढली आणि किसनरावांची पावलं मापली. सावकाश, अदबीनं.

"चार बोटं," ते म्हणाले. "पाटील, डावा गुडघा कवापासून दुखतो?"

अंगणात मुसळसुद्धा थांबलं. किसनरावांनी काठीकडं पाहिलं, ओट्याकडं पाहिलं आणि मग हळू आवाजात म्हणाले, "दोन पावसाळे झाले. घरात कुणाला सांगितलं न्हाई."

"पन्नास बैठका!" ओट्यावरून मी ओरडलो. मला राहवलं नाही.

किसनराव आधी माझ्याकडं रागानं बघत राहिले आणि मग असे हसले, की पागोटं सारवणात पडलं. लग्न वैशाखात ठरलं. त्याआधी महिनाभर सासरे आमच्या गावी मुक्कामाला होते. जावई आणि सासरा एका मुसळावर चालायचे.

लग्नात वस्ताद उघड्या डोक्यानंच जेवायला बसले. एक बोट अजून बाकी होतं. ते गेलं ज्येष्ठात. त्या दिवशी दोन्ही गाठी एकाच जागी आलेल्या त्यांनी तीनदा पाहिल्या, सुतळी खुंटीला टांगली आणि घरी जाऊन म्हणाले, "भिके, फेटा काढ."

भिकाबाईंनी नुसतं बाजेकडं बोट दाखवलं. सुतळी सगळी मारुतीपुढं लटकत होती, आणि माणसाला पाठ टेकायला काहीतरी लागतंच. जरीकाठाचा गुलाबी फेटा उभाआडवा छान विणला होता.

वस्ताद बाजेवर बसले. जरा हलून पाहिलं.

"घट्ट विणलीस," ते म्हणाले.