भाऊने ‘सोड’ म्हणेपर्यंत

फोनवर भाऊचं नाव दिसलं आणि मी हॅलोही न म्हणता सांगून टाकलं, “पाइप स्टीलचाच घे रे भाऊ, तांब्याचा नको.” पलीकडून भाच्याचा, हर्षलचा आवाज आला. “आत्या, मी बोलतोय... भाऊ गेले.” घरात सगळेच त्याला भाऊ म्हणत, पोरंसुद्धा. सकाळी चहा घेतला, ओट्यावर बसला आणि बसल्या जागी कलंडला, असं काहीसं हर्षल सांगत होता. मी धुळ्याच्या माझ्या स्वयंपाकघरात तांदळाचं ताट घेऊन उभी. त्या घटकेला मला एवढंच कळत होतं की दोन दिवस अडवून ठेवलेलं उत्तर द्यायला मला उशीर झाला.

आमचं माहेर फैजपूरचं. केळीची बाग बघायची आणि आबांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, जुना, लांब बॉनेटचा नाकवाला ट्रक सांभाळायचा, ही भाऊची दोन कामं. वहिनीला विचाराल तर ती क्रम उलटा सांगेल. त्या ट्रकच्या ब्रेकचं तेल बदललं की पाइपात हवा शिरते आणि ती काढायला दोघं लागतात, एक गाडीखाली आणि एक पेडलवर. खाली भाऊ, एकोणीस वर्षांचा. वर मी, नऊ वर्षांची, सीटच्या अगदी काठावर बसून दोन्ही पाय पेडलवर टेकवलेली. “मार... मार... धर!” असा त्याचा आवाज यायचा. मी जीव खाऊन दाबून धरायची, तो खाली स्क्रू ढिला करायचा, पेडल हळूहळू तळाला जायचं, तो स्क्रू पुन्हा आवळायचा आणि मग म्हणायचा, “सोड.” एकदा रस्त्यावर कुल्फीवाल्याची घंटा वाजली आणि मी आधीच पाय उचलला. हवा उलटी आत शिरली, सगळी दुपार वाया गेली. भाऊ तेलानं माखलेलं तोंड घेऊन बाहेर आला. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. पण तो एवढंच म्हणाला, “सुमे, मी सोड म्हनत नाही तोवर पाय उचलू नको. आभाय कोसयलं तरी नको.” मग त्यानंच कुल्फीवाल्याला थांबवलं.

लग्न होऊन मी धुळ्याला आले, शाळेत शिकवलं, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. पण दर भाऊबीजेला ओवाळून झालं, की भाऊ इकडेतिकडे बघत हळूच विचारायचा, “येती का जराशी? ब्रेक पाहून घेऊ.” वहिनी कावायची, “वर्सातून एकदा येते ती, अन् तुमी तिले टरकात बसवता!” गावात मेकॅनिकची काही वानवा नव्हती. पण भाऊचं ठरलेलं उत्तर असायचं, “सुमीच्या पायाले कयते.” मी नव्या साडीच्या निऱ्या खोचून केबिनमध्ये चढायची. खरं सांगते, त्या एका वाक्याचा मला शाळेतल्या कुठल्याही सत्कारापेक्षा जास्त अभिमान होता.

गेल्या भाऊबीजेला त्यानं वेगळंच काढलं. इतकी वर्षं मीच जात आले होते. आबांची गाडी माझ्या दारात कधी आलीच नव्हती. पाणी लागलं की तिचे जुने ब्रेक एका बाजूला ओढायचे. शेतापर्यंत ठीक, धुळ्यापर्यंत कोण भरवसा धरणार? म्हणून बहात्तराव्या वर्षी त्यानं पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायचं मनावर घेतलं. “पुढच्या भाऊबीजेले मी येतो तुह्या दारात,” म्हणाला. “आबाच्या गाडीत, केयीचा घड घेऊन.” डिस्क बसल्या. चाकाजवळच्या रबरी नळ्या त्यानं स्वतः निवडल्या. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून त्या ताणत नाहीत ना, टायरला घासत नाहीत ना, हे तीनतीनदा पाहिलं. घोडं अडलं ते गाडीखालून जाणाऱ्या लांब पाइपांवर. जुने गंजलेले, त्यांची तोंडंही नव्या ब्रेकला जुळेनात. भुसावळचा मेकॅनिक म्हणाला, तांब्याचे घ्या, मऊ असतात, हातानं वाकतात, एका दिवसात काम होईल. पण हादरे खाऊन खाऊन तांबं कडक होतं आणि एक दिवस तडकतं. स्टील टिकतं, फक्त वाकवायला मनगटात जोर लागतो. हे मला भाऊनंच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर पुन्हा मलाच विचारलं, “तू सांग, सुमे.” एकदा नाही, चार वेळा. चौथ्यांदा मी वैतागले. “भाऊ, मी काय गॅरेज काढलंय? तुला हवा तो घे.” तो जरासा हसला. “बरं माय,” म्हणाला आणि फोन ठेवला. आमचं शेवटचं बोलणं ते.

तेरावं झाल्यावर मी ट्रकच्या शेडमध्ये गेले. खिळ्याला एक जाड तार लटकत होती. पाइप जसा जायला हवा तशी ती भाऊनं गाडीखाली घालून वळणावळणानं वाकवली होती, नमुना म्हणून. तिच्याखाली फळीवर स्टीलच्या पाइपाचे तीन तुकडे पडले होते, तिन्ही वळणावर चेपलेले. वहिनी मागे येऊन उभी राहिली. “हात थरथरे त्यायचा,” म्हणाली. “मले म्हने, सुमीले सांगू नको.”

तेव्हा मला कळलं. तांब्याचा पाइप तो घालणार नव्हता आणि स्टीलचा त्याच्या हातून वाकत नव्हता. मी फक्त म्हणायला हवं होतं, स्टीलचाच घे, मी येते, दोघं मिळून वाकवू. पस्तीस वर्षं मुलांच्या प्रश्नामागचा प्रश्न ओळखते म्हणून मिरवलं, आणि सख्ख्या भावाचा एक प्रश्न मला ओळखता आला नाही. चार वेळा विचारूनही... याचं दुःख माझ्या मनातून जाणारं नाही.

परवा हर्षलनं स्टीलचे पाइप आणले. मेकॅनिकनं भाऊची तार समोर ठेवून ते वाकवले, एकेक वळण तसंच. हवा काढायला हर्षल गाडीखाली शिरला आणि मी केबिनमध्ये चढले. पेडलचं रबर भाऊच्या चपलेनं एका कडेला झिजलंय. “मारा आत्या... धरा... ओके,” असं तो सांगत राहिला, मी पाय दाबत-उचलत राहिले. शेवटी पेडल दोन बोटं खाली गेलं आणि दगडासारखं कडक लागलं. “झालं आत्या!” म्हणत हर्षल बाहेर आला आणि हात धुवायला नळावर गेला. भाऊबीजेला तो गाडी धुळ्याला आणणार आहे. आणेलही, शब्दाचा पक्का आहे.

वहिनीनं चहाला दोनदा हाक मारली. आले आले म्हणत मी तशीच बसून राहिले, पेडल दाबून. खालून अजून कोणी ‘सोड’ म्हटलं नव्हतं.