सत्तावीस जणांची सुई

"आज सुई नाही," मी कौसाबाईंना म्हणालो. "आता तुमची पाळी सोमवारी."

त्या तीन कोस चालून आल्या होत्या. बाकावर टेकल्या आणि काचेच्या कपाटाकडे बघू लागल्या.

"काऊन नाई, भाऊ? बाटल्या तं दिसून राह्यल्या."

"आहेत. पण बाहेर बसलेल्यांचाही हक्क आहे."

"मंग माह्या वाट्याची कोणाले देली?"

मी तो प्रश्न अडाणीपणाचा समजलो.

मेहकरकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन असे. बाटलीतल्या पावडरीत पाणी घालून टोचायचं, एक दिवसाआड, महिनोन्महिने. सोबत गोळ्या. बुलढाण्याहून येणारा स्टॉक नऊ जणांना पुरे. डॉक्टरसाहेबांनी नऊ नावांची यादी केली होती. कौसाबाई माळीण त्यातली पाचवी. चार महिन्यांत त्यांचा ताप गेला होता. वांगी-मेथीची पाटी घेऊन पुन्हा बाजारात बसू लागल्या होत्या.

यादीबाहेरचे अठरा जण ओट्यावर खोकत बसत. त्यांना खोकल्याचं मिक्श्चर मिळे, म्हणजे रंगीत पाणीच.

मी साहेबांशी भांडलो. कोण जगणार हे ठरवणारे आपण कोण, असं विचारलं.

"कोणाला तरी ठरवावं लागतं, वानखेडे," ते म्हणाले. "मला ते आवडतं असं नाही. पण या रोगात अर्धं औषध न दिलेलं बरं. अर्धमेले जंतू औषध पचवायला शिकतात."

मला ती सबब वाटली. समतेवरची पत्रकं वाचत मी मोठा झालो होतो. त्यांत जंतूंचा उल्लेख नव्हता.

मग साहेब दोन महिन्यांच्या ट्रेनिंगला गेले. बदली डॉक्टर आठवड्यातून एकदा येत, सह्या करत आणि परतीची बस गाठत. मी यादी फाडली. सत्तावीस नावं लिहिली. प्रत्येकाला आठवड्याला एक सुई. गोळ्याही तशाच वाटल्या.

ओट्यावरचे लोक हात जोडू लागले. काहींचा ताप उतरलाही. "तुमचा साहेब बामन होता, तुमी देवमानूस," एक म्हातारा म्हणाला. मी त्याला गप्प केलं नाही. उलट जिल्ह्याच्या साप्ताहिकाला पत्र पाठवलं: आमच्याकडे औषध सर्वांना मिळतं. ते छापून आलं. कात्रण मी कपाटावर चिकटवलं.

सातव्या आठवड्यापासून ताप परत चढू लागले. नव्यांचे चढले तसे जुन्यांचेही. कौसाबाईंच्या थुंकीत रक्त दिसलं.

साहेब परतले. त्यांनी रजिस्टर उघडलं, पानं उलटली, कात्रण वाचलं. त्यांनी सगळ्यांची थुंकी नागपूरला तपासायला पाठवली. रिपोर्ट यायला दोन महिने लागले. जुन्या नऊपैकी पाच जणांवर स्ट्रेप्टोमायसिनचा उपयोग उरला नव्हता. कौसाबाई त्या पाचांत होत्या. पुढची औषधं मुंबईत मिळत. आमच्या दवाखान्याच्या यादीत ती नव्हतीच.

हे कौसाबाईंना मीच सांगायचं, असं साहेबांनी ठरवलं.

मी सांगितलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "माह्यं जाऊ द्या, भाऊ. माही सून खोकलून राह्यली पंधरा दिवसांपासून. तिले लागू पडन का तुमची सुई?"

सासूचे जंतू सुनेला लागले असतील, तर नाही. मला ते माहीत होतं. "थुंकी घेऊन या, तपासू," एवढंच मी म्हणालो. चूक कबूल करायला जेवढं धैर्य लागलं, त्याहून जास्त या उत्तराला लागलं असतं. ते माझ्याकडे नव्हतं.

पावसाळ्यात कौसाबाई गेल्या. सुनेचा रिपोर्ट त्याआधीच आला होता; तिलाही सुई लागू पडणार नव्हती. तो मात्र साहेबांनी स्वतः वाचून दाखवला.

साप्ताहिकाला दुसरं पत्र मी पाठवलं नाही.

नऊ नावांची यादी अन्यायच होती, असं मी आजही म्हणतो. पण भांडण बुलढाण्याला आणि मुंबईला जाऊन करायचं होतं, सत्तावीस जणांचा पुरा स्टॉक मागायचा होता. मी ते आमच्या कपाटापाशी केलं. तिथं मला अडवणारं कोणी नव्हतं.