डोक्यावर हंडा, हातात घड्याळ

पुष्पाने पिशवी माझ्या काउंटरवर उपडी केली आणि अकरा फिटनेस बँड बाहेर पडले. मी पहिला उचलला आणि तसाच खाली ठेवला. रबरी पट्ट्याच्या आतल्या बाजूला कुणाच्या तरी मनगटाचा मळ घट्ट बसला होता. अत्तर आणि घाम मिळून एक आंबूस वास येत होता. मुंबईतल्या कुठल्याशा कंपनीतल्या लोकांनी वर्षभर वापरून, कंटाळून टाकून दिलेले बँड एका संस्थेने गोळा केले होते आणि आमच्याकडच्या गरोदर बायकांसाठी पाठवले होते. दान करताना निदान पुसून तरी द्यावं, एवढीही लाज कुणाला वाटली नव्हती.

"जतीनभाय, यांना माझ्या फोनला जोडून दे," पुष्पा म्हणाली. "संस्थावाले बोलले, सोपा हाय. दोन मिनिटांचा काम."

मी जतीन. गंजाडला रस्त्याला लागून माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. घरात गुजराती, गिऱ्हाइकांशी मराठी आणि बंद पडलेल्या फोनशी शिव्या, असा माझा दिवस जातो. पुष्पा आमच्या भागातली आशाताई. चार पाड्यांवरच्या गरोदर बायका, बाळंतिणी, लहान मुलं यांची नोंद ठेवायची, गोळ्या पोचवायच्या, कुणाला दुखायला लागलं की गाडी बोलवायची, हे तिचं काम. नववीपर्यंत शिकलेली. चौदा वर्षं झाली तिला या कामात. रिक्षा जाते ती पहिल्या पाड्यापर्यंत, पुढे सगळं पायी.

तिच्या रजिस्टरबद्दल सांगायलाच हवं. मध्ये एकदा तिचा वजनकाटा बिघडला. नवीन यायला महिना लागला. दुसऱ्या कुणी अंदाजाने आकडे ठोकून दिले असते. हिने महिनाभर प्रत्येक बाळापुढे 'काटा खराब' असं लिहिलं. वरच्यांनी सगळ्यांसमोर झापलं, तरी हिने एक आकडा मनाने टाकला नाही. "पोराला उचलून मना वजन कळते," ती म्हणाली होती, "पन लिवायचा ते काट्याचा."

तर ते दोन मिनिटांचं काम तीन दिवस चाललं. ब्लूटूथ चालू करा, लोकेशन चालू करा, परवानगी द्या, परत परवानगी द्या. एवढं करून पडद्यावर काय, तर हा बँड आधीच दुसऱ्या फोनला जोडलेला आहे. प्रत्येकाची कळ दाबून धरून आधीच्या मालकाला त्यातून हाकललं. कान साफ करायच्या काड्या स्पिरिटमध्ये बुडवून मळ काढला. जेवताना हाताला तोच वास येत होता, दोन घास खाल्ले आणि डबा बंद केला.

ॲप एका खात्याला एकच बँड जोडू देत होतं, म्हणून पुष्पाच्या एका तडकलेल्या फोनवर अकरा खाती उघडली. प्रत्येकीची जन्मतारीख, उंची, वजन. मग ॲपने विचारलं, तुमचं ध्येय काय? तीन पर्याय होते. वजन कमी करणे, पोट सपाट करणे, अधिक सक्रिय होणे. यातलं एक निवडल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

मी तेव्हा भरत होतो ते नाव होतं काळी. वय बावीस, वजन अडतीस किलो, सहावा महिना सरत आलेला.

"काय इचारते तो?" पुष्पाने विचारलं. मी वाचून दाखवलं. ती आधी हसली. मग दाराशी गेली आणि रस्त्याकडे तोंड करून थुंकली. मी तिसरा पर्याय दाबला आणि पुढे गेलो. त्या क्षणी मला ॲपचा राग आला होता, स्वतःचा अजून यायचा होता.

काळीचं सांगतो. तिचं पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. नवरा शुक्रा गुजरातकडच्या बोटीवर खलाशी, पावसाळ्यातच घरी येणार. घरात सासू हिराबाई, तिचे गुडघे कामातून गेलेले. पाड्याची विहीर खाली उतारावर आणि उन्हाळ्याचे दिवस. डॉक्टरांनी काळीला सांगितलं होतं, वजन उचलायचं नाही, आराम करायचा. आराम करायला सांगणं फार सोपं असतं. पाणी कोण भरणार ते सांगत नाहीत.

त्या संस्थेने डहाणूला एक घर घेऊन सहा खाटा मांडल्या होत्या. जिला घरी आराम मिळत नाही तिने शेवटचे दोन-तीन महिने तिथे राहायचं, दोन वेळ जेवायचं, डॉक्टर हाकेच्या अंतरावर. गोष्ट चांगली होती, मला कबूल आहे. पण खाट कुणाला द्यायची हे ठरवणार होता बँड. दिवसाला आठ हजारांच्या वर पावलं पडली तर बाईला फार कष्ट पडतात, तिला आणा. कमी पडली तर घरीच ठीक आहे. पुष्पाला त्यातली एक खाट काळीसाठी हवी होती, आठवा महिना लागायच्या आत.

"या टायमाला पोटातला जगवायचाच," ती माझ्या काउंटरवर हात आपटून म्हणाली.

दर मंगळवारी ती चारही पाड्यांवरून बँड गोळा करून आणायची, कारण माझ्याकडे वीज आणि रेंज दोन्ही होतं. मी ते चार्ज करायचो, एकेक खातं उघडून बँड फोनला जोडायचो, आकडे वर पाठवायचो. बुधवारी ती परत चारही पाडे फिरून ते बांधून यायची. पहिल्या आठवड्यात काळीची पावलं निघाली रोजची नऊशे, हजार, फार तर अकराशे.

संध्याकाळी संस्थेच्या शितलचा फोन आला. ही आकडे बघणारी मुलगी, गंजाड कधी पाहिलेलं नाही. "पुष्पाताई, काळीला छान आराम मिळतोय हं. उलट तिला थोडं चालायला सांगा."

"तो घड्याळ बिघडलाय," पुष्पा मला म्हणाली.

मी काय म्हणालो असेन? "मशीन खोटं बोलत नाही, पुष्पा. माणसं बोलतात. सासूसमोर काळी दमल्याचं दाखवत असेल, तू गेलीस की बसत असेल." मी हे बोललो. चहा पीत बोललो. आज ते आठवलं की तोंडात कडू येतं.

पुढच्या मंगळवारी ती आली ती काळीचा बँड मुठीत घेऊनच. "हा तिला चावते," म्हणाली. काळी हंडा घेऊन चढावर होती आणि मनगटावर काहीतरी थरथरलं. तिला वाटलं विंचू. हात झटकला, हंडा कलंडला, ती पडता पडता वाचली. असं दोनदा झालं होतं. मी ॲप उघडून पाहिलं. थरथर बँडनेच केली होती. वर संदेश होता, तुम्ही तासभर बसून आहात, उठा, थोडं चाला! ती आठवण बंद करायची मीच विसरलो होतो.

"चढावर हंडा घेऊन चालली होती ती," पुष्पा सावकाश म्हणाली, "न हा तिला बोलते, बसलीस?"

दुकानाच्या कोपऱ्यात माझा पिण्याच्या पाण्याचा स्टीलचा हंडा होता. तिने मला न विचारता तो उचलून डोक्यावर घेतला. बँड डाव्या मनगटावर बांधला, तोच हात वर करून हंडा धरला आणि दुकानातून बाहेर पडली. मोठ्याने पावलं मोजत एसटीच्या थांब्यापर्यंत गेली आणि मोजत परत आली. रस्त्यावरची माणसं बघत राहिली. "साशे चाळीस," तिने हंडा ठेवला आणि मनगट माझ्यापुढे धरलं. बँडवर बावीस पावलं होती. मग ती मोकळ्या हाताने तेवढंच अंतर परत चालून आली. या वेळी बँडने साडेसहाशेच्या जवळपास दाखवली.

हात हलला तर पाऊल. हात डोक्यावर गेला की बाई बसलेली. आमच्याकडच्या बायका दिवसभर जे वाहतात, पाणी, लाकडं, भाताची रोपं, ते सगळं या यंत्राच्या लेखी आराम होतं. आणि त्याच आठवड्यात या अकराजणींतल्या जयवंतीला खाट मंजूर झाली होती. तिच्या दारात नळ आहे, नणंद पाणी भरते, ती बिचारी बसून थोरल्याचा पाळणा ओढत असते. रोजची नऊ हजार पावलं. जयवंतीचा काही दोष नव्हता.

"पायात बांध," मी म्हणालो. "पायाला तर चालावंच लागतं."

काळीने बँड आठवडाभर घोट्याला बांधला. रोजची बारा हजार, चौदा हजार. पुष्पाला इतका आनंद झाला की तिने स्वतःहून शितलला फोन लावला आणि सगळं सांगितलं. हंडा, थांब्यापर्यंतची चाल, बावीस पावलं, पायात बांधणं, सगळं. लपवायचं कशाला, खरं तर होतं.

शितलचा आवाज बदलला. "ताई, बँड मनगटावरच हवा. पायावरचं रीडिंग आम्ही धरत नाही. ही डेटाशी छेडछाड होते. मी वर कळवत नाही, पण परत झालं तर काळीचं नाव यादीतून काढावं लागेल."

"तुमी एक दिस या ना," पुष्पा म्हणाली. "हंडा मी देते तुमाला. चालून बघा."

पलीकडे कुणीतरी हसलं. शितल हसली नाही, ती समजावून सांगू लागली. "सिस्टीममध्ये तसा ऑप्शनच नाही ना, ताई."

फोन ठेवल्यावर पुष्पा काउंटरला टेकून उभी राहिली. काळीच्या पायांवर सूज आली होती. आठवा लागायला तेरा दिवस उरले होते. मी त्या संस्थेला, त्या कंपनीला, ॲप बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. ती ऐकून घेत होती की नाही कुणास ठाऊक. मग तिने अकरा बँडमधून काळीचा शोधला आणि स्वतःच्या उजव्या मनगटावर बांधला.

"पुष्पा, हे खोटं होईल," मी म्हणालो. कधी नव्हे ते मला तिच्या रजिस्टरची आठवण झाली.

"खरा पाठवला तवा काय झाला?" तिने विचारलं आणि ती गेली.

त्या आठवड्यात ती एकदाच दुकानावरून गेली, थांबली नाही. थट्टा नाही, काही नाही. मी हाक मारली तेव्हा रस्त्यातूनच म्हणाली, "रजिस्टर उघडला ना, का माझीच मना घाण वाटते. पन लिवते. बाकीचा सगळा खरा लिवते."

मंगळवारी मी काळीचं खातं उघडलं आणि बँड फोनला जोडला. उजव्या हाताचा झोका बँडने एकही चुकवला नव्हता. एकोणीस हजार दोनशे. सतरा हजार आठशे. एकवीस हजार. बँड गोळा करायच्या दिवशी चोवीस हजार. पडदाभर लाल रेघा आणि वर उद्गारचिन्ह. चौदा वर्षं मी तिला रस्त्याने जाताना बघत होतो, आणि ही इतकी चालते हे मला एका घाणेरड्या रबराच्या पट्ट्याने सांगितलं. मी आकडे वर पाठवले.

अर्ध्या तासात शितलचा फोन आला. पुष्पाने स्पीकर लावून तो काउंटरवर ठेवला.

"ताई, हे काय चाललंय?" मुलगी खरोखर घाबरली होती. "काळी रोज वीस हजार पावलं चालतेय! कुठल्याही बाईच्या शरीराला हे झेपणार नाही. माणसं आहेत का कोण आहेत ही, इतकं राबवतात? खाट ठेवलीय, गाडी रस्त्यापर्यंत पाठवते. आजच्या आज आणा तिला."

"आनते," पुष्पा म्हणाली.

"आणि हिराबाईचं पाणी?" मी हळूच विचारलं.

"मी भरीन जाता-येता." तिने बँड सोडला, पदराने पुसला आणि माझ्याकडे दिला.

फोनमधून शितल अजून बोलत होती. "ताई, तिला दिवसभरात कुणी बस असं म्हणत नाही का हो?"

"नाय म्हनत," पुष्पा म्हणाली. तिने फोन पिशवीत टाकला आणि उन्हात उतरली.

काउंटरसमोर गिऱ्हाइकासाठी ठेवलेलं स्टूल रिकामंच होतं. इतक्या वर्षांत मी तिला त्यावर एकदाही बस म्हटलं नव्हतं. आता म्हणायला दारापर्यंत आलो, तर ती पाड्याच्या रस्त्याला लागली होती.