टकटक मिस्त्री आणि जमिनीतली टाकी

टकटक मिस्त्रींचा कुणाच्या शब्दावर चटकन विश्वास बसत नसे. वस्तू कुठलीही असो, ते आधी बोटाच्या पेराने नाहीतर खिशातल्या छोट्या हातोडीने तिच्यावर टकटक करीत, मान तिरकी करून ऐकत आणि मगच मत देत. हॉटेलात चहा आला की कपावर टकटक. कप बद्द वाजला तर चहासकट परत. धाकट्या मुलीसाठी कुरुंदवाडला स्थळ बघायला गेले, तेव्हा पोह्यांची बशी खाली ठेवून त्यांनी सोप्यातल्या लाकडी खांबावर टकटक केली आणि भावी व्याह्यांना सांगितलं, "पावणं, ह्यो खांब आतनं वाळवीनं खाल्लाय. लग्नाआधी बदला." व्याही आधी भडकले, मग खांब फोडून बघितला आणि मग लग्न झालं.

ते पत्र्याच्या आणि टाक्यांच्या कामातले मिस्त्री. कोल्हापूर संस्थान विलीन होण्याआधी दरबारच्या कामांवर होते, नंतर शाहूपुरीमागच्या आमच्या शेंगतेलाच्या गिरणीत आले. मी त्याच गिरणीत नवा इंजिनिअर होतो. पुण्याचा डिप्लोमा, इस्त्रीची पँट आणि वय पंचवीस. मिस्त्री साठीला आलेले, अंगठ्याएवढीच अक्षरओळख असलेले, तरी मला 'सायेब' म्हणत. त्या 'सायेब'मध्ये टिंगल नव्हती. असती तर बरं झालं असतं, मी जरा जमिनीवर राहिलो असतो.

टाकी या विषयावर मिस्त्रींची मतं ठाम होती. टाकी जमिनीच्या वर, दगडी जोत्यावर असली पाहिजे. भोवती माणसाला चालत फेरी मारता आली पाहिजे. ते म्हणत, "सायेब, म्हस गोठ्यात बांधली तर तिची खोड कळती. भुयारात कोंडली तर कशी कळंल?" वरच्या टाकीला गंज चढला तर खरवडून रंग देता येतो, तळाला साचलेला गाळ तोटी उघडून काढता येतो, सांधा पाझरला तर पहिल्याच थेंबाला दिसतो. तेल उतारानं आपसूक इंजिनाकडे येतं, हातपंप मारत बसावं लागत नाही. आणि फुटलीच, तर शेताला घालतो तसा भोवती बांध घातला की सांडलेलं तेल बांधातच राहतं. पंचगंगेकाठच्या एका कारखान्यात त्यांनी जमिनीत पुरलेली अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यात वर आलेली बघितली होती. खालच्या पाण्यानं तिला उचललं आणि वरची फरशी फोडून ती अंगणात उभी राहिली. "बैल उठून बसतोय तशी," असं सांगून ते स्वतःच हसत.

आमच्या गिरणीची दोन इंजिनं क्रूड तेलावर चालत. तेल पिंपांतून यायचं आणि दिवसभर पिंपं गडगडवण्यात माणसं गुंतायची. मालकांनी मोठी टाकी करायची ठरवली आणि आराखडा माझ्यावर सोपवला. मी एका परदेशी पुस्तकातून आराखडा उचलला. टाकी जमिनीत. वर मोकळं अंगण, शेंगांच्या गाड्या वळायला जागा, आगीचं भय कमी, उन्हाचा ताप नाही. मुद्दे अगदीच खोटे नव्हते. पण खरं सांगायचं तर मिस्त्री 'वर' म्हणाले म्हणून मला 'खाली' हवी होती. पत्रा ठोकणाऱ्या माणसाने इंजिनिअरला टाकी कुठे ठेवायची ते सांगावं, हे मला सोसलं नाही. मालकांना मोकळं अंगण आवडलं आणि मी जिंकलो.

मिस्त्रींनी तोंड वाकडं केलं नाही. महिनाभर खपून टाकी सुरेख केली. मात्र खड्ड्यात उतरवण्याआधी त्यांना एक दिवस हवा होता. खडूची पूड पाण्यात कालवून सगळ्या सांध्यांना बाहेरून लावायची, आतून रॉकेलचं फडकं फिरवायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. सांध्यात केसाएवढी फट असली तरी पांढऱ्यावर काळा डाग उमटतो. "खडू खोटं बोलत न्हाय," ते म्हणाले.

पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. मालकांना त्या दिवशी यंत्रांबरोबर नव्या टाकीचीही पूजा हवी होती, आणि ती खड्ड्यात बसून वर फरशी झालेली हवी होती. मी टाकीत पाणी भरलं, चार तास ठेवलं, एक थेंब गळला नाही. म्हटलं, झाली तपासणी.

"पाणी अंगानं जाड असतंय सायेब," मिस्त्री म्हणाले. "पाणी जिथं अडतंय तिथनं तेल वाट काढतंय. येक दिवस द्या की. दसऱ्याला पूजू."

"मुहूर्त मालकांनी काढलाय, मी नाही. उतरवा टाकी."

त्यांनी खडूची पुडी खिशात घातली. "उतरवतो. पर खडू लावला न्हाय, एवढं ध्येनात ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी फरशीतून वर आलेल्या नळाच्या तोंडाला झेंडूचा हार घातला गेला. बाकी टाकी जमिनीत, हार घालायचा कुठे? मिस्त्री मागून पुटपुटले, "ही पूजा म्हनायची का समाधी?" सगळे हसले. मीही हसलो.

टाकीत किती तेल आहे ते लांब काठी बुडवून बघायचं असे. दिवाळीनंतर काठीवरची खूण रोज थोडी जास्तच खाली दिसू लागली. मी इंजिनांना दोष दिला, नोझल बदलायला लावले. मिस्त्रींनी दोन दिवस इंजिनांशेजारी बसून, त्यांच्या अंगावर टकटक करून सांगितलं, "इंजनं पीत न्हाईत सायेब. भुई प्यायलीया. फरशी उचला." फरशी उचलायची म्हणजे मालकांना कारण सांगायचं, आणि कारण सांगायचं म्हणजे खडूची गोष्ट निघायची. माझी नोकरी पंधरा दिवसांत कायम व्हायची होती. मी म्हणालो, "बघू." रोज काठी बुडवत होतो आणि रोज बघू म्हणत होतो.

गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून आक्काताईंचं घर. विधवा बाई, पाच म्हशी, आणि परड्यात तिच्या सासऱ्याने खणलेली विहीर. एका सकाळी ती घागर कमरेवर घेऊन सरळ मालकांच्या खोलीत शिरली आणि घागर टेबलावर आदळली. "वास घ्या मालक! म्हसरं तोंड लावंनात. काल येक म्हस तीन पेंढ्या खाऊन तशीच तहानलेली उभी हुती. हीर नासली माझी." घागरीतल्या पाण्यावर तेलाचे रंग फिरत होते. मला आणि मिस्त्रींना बोलावणं आलं.

मालकांनी एवढंच विचारलं, "टाकी पुरायच्या आधी तपासली होती की नव्हती?"

मी मिस्त्रींच्या आधी बोललो. "तपासणीचं काम मिस्त्रींकडे होतं."

या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ते जास्त हलकट होतं. मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या नजरेत राग नव्हता. माझं पुढचं वाक्य येईल म्हणून ते थांबले होते, हे मला तेव्हाच कळत होतं. मी खिडकीबाहेर बघितलं. मग ते म्हणाले, "व्हय. काम माझ्याकडंच हुतं." आक्काताईंनी त्यांना दिलेल्या शिव्या त्यांनी खाली मान घालून ऐकल्या. मालकांनी त्यांना कामावरून काढलं. दुपारपर्यंत हत्यारं पोत्यात भरून ते गेले. जाताना फाटकाजवळ मला म्हणाले, "सायेब, दुसरी टाकी कराल ती वर करा." त्यांना तेव्हाही टाकीचीच काळजी होती आणि मला नोकरीची.

शाहूपुरीत बातमी पसरायला दोन दिवस पुरले. विहीर नासवणारा मिस्त्री. त्यानंतर कोल्हापुरात त्यांना कुणी टाकी करायला दिली नाही. वर्षभर ते बादल्यांना बूड लावत होते म्हणे, मग कुरुंदवाडला मुलीकडे राहायला गेले. इकडे मालकांनी आक्काताईंना नळ जोडून दिला. त्यासाठी नगरपालिकेत खेटे मीच घातले, आणि ती मला देवमाणूस म्हणू लागली. माझी नोकरी कायम झाली.

टाकी उकरली तेव्हा तळाच्या एका सांध्यात नखही शिरणार नाही एवढी फट होती. खडूवर ती पहिल्याच दिवशी दिसली असती. नवी टाकी मी जोत्यावर केली, भोवती बांध घातला. पुढे एका साखर कारखान्यात गेलो, तिथे मळीच्या टाक्याही तशाच उघड्यावर, चारी बाजूंनी फिरता येईल अशा उभ्या केल्या. बघायला येणारे म्हणायचे, साहेबांची दृष्टी मोठी. मी भुयारातल्या म्हशीचा दाखला देऊन माना डोलवून घ्यायचो. दाखला कुणाचा, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

सहा-सात वर्षं अशी काढली. एकदा कारखान्याच्या कामासाठी कुरुंदवाडला गेलो आणि पाय आपोआप त्यांच्या मुलीच्या घराकडे वळले. मिस्त्री सोप्यात बसले होते. नजर अधू झाली होती, आवाजावरून ओळखलं. मी एका दमात सगळं बोलून टाकलं. खडू, काठी, ते वाक्य, सगळं. रडलोही थोडा. त्यांनी बोलू दिलं, मग म्हणाले, "ह्ये मला कशाला सांगतायसा? मला ठावं हाय की. मी तितंच हुतो."

मी रुमालाने डोळे पुसले. तेच पुढे बोलले.

"मालक गेलं म्हंत्यात. आक्काताई हाय न्हवं? तिला सांगा. मी तिची हीर नासवली असं ती दारात बसून म्हनती, ह्ये मला हितं कळतंय. म्हाताऱ्याला दुसरं काय नगं. सांगितलं की येक कार्ड टाका. जावई वाचून दाखवंल."

मी त्यांच्या पायाला हात लावून वचन दिलं.

पुढच्याच रविवारी गेलो. आक्काताई म्हशीखाली बसली होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. "सायेब! किती वर्सांनी!" तिने तिथेच पेल्यात धार काढली आणि फेसाळता पेला माझ्या हातात दिला. म्हणाली, "तुमच्यामुळं माझ्या दारात नळ आला. न्हायतर त्या मिस्त्र्यानं म्हसरं मारलीच हुती. जित्ता हाय का त्यो?"

"आहेत. कुरुंदवाडला."

"ऱ्हाऊ दे. तुमच्यासारकं मानूस हुतं म्हनून आमी तगलो."

वाक्य मी वाटेवर दहा वेळा घोकलं होतं. आक्काताई, मिस्त्रींचा दोष नव्हता. पेल्यातला फेस बसेपर्यंत मी तो हातात धरून उभा होतो. मग दूध प्यालो, पेला तिला दिला आणि म्हणालो, "दूध छान आहे."

दुसऱ्या दिवशी मी पोस्टातून कार्ड आणलं आणि त्यावर लिहिलं, 'आक्काताईंना सर्व सांगितलं. त्यांना वाईट वाटलं. तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.'

आठवड्यात जावयाचं उत्तर आलं. मामांनी कार्ड तीनदा वाचून घेतलं, शेजाऱ्यांनाही वाचून दाखवायला लावलं. दसऱ्याला कोल्हापूरला येणार म्हणताहेत, आक्काताईंकडे दूध प्यायला.

आषाढ सगळा मी दसऱ्याच्या धास्तीत काढला. श्रावणात दुसरं कार्ड आलं, वरचा कोपरा फाडलेलं. ते वाचल्यावर मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मिस्त्री गेल्याचं दुःख त्याच्यानंतर आलं.