अनवाणी मिस्त्री

कल्याणच्या नाक्यावरचा तो मिस्त्री चपला काढूनच गाडीत बसायचा. गाडीचं दुखणं तळपायाला कळतं, म्हणायचा. माझी जुनी मोटार ब्रेक लावला की थडथडायची. अडलेल्या बाईला तिच्यातून इस्पितळात न्यायची मला भीती वाटू लागली होती.

एक फेरी मारून त्यानं विचारलं, "डागदर, तापलेली गाडी खडवलीला नदीत घालून धुतलीत ना?"

मी मान डोलावली. चाकांतले ब्रेकचे ड्रम गार पाण्यानं वाकले होते. त्यानं ते लेथवर गोल करून आणले, बसवले, आणि मागच्या सीटवर स्वतःच्या म्हाताऱ्या आईला बसवून मला गाडी चालवायला लावली.

शीळफाट्याजवळ म्हणाला, "दाबा आता."

गाडी थांबली. म्हातारीची डुलकी मोडली नाही.

त्यानं चपला पायात सरकवल्या. "आता कुणालाही न्या," हळूच म्हणाला.